घराजवळचे शिकारी पक्षी ओळखताना आधी शेपूट पाहावी

कोल्हापुरात गच्चीवरून घिरट्या घालणारा मोठा पक्षी दिसला की त्याला सरसकट ‘गरुड’ म्हटले जाते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा घार असतो. उंचावर रंग फसवा ठरतो, कारण आकाशाच्या उजेडापुढे सर्वच पक्षी काळपट दिसतात, म्हणून प्रथम शेपटीकडे पाहावे. साध्या घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते. मात्र वळताना तिने शेपूट पसरली की ही खाच जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे ती पुन्हा सरळ तरंगू लागेपर्यंत थांबावे. रंकाळा किंवा पंचगंगेच्या काठी गोलसर शेपटीची, पांढऱ्या डोक्याची आणि विटकरी अंगाची घार दिसल्यास ती ब्राह्मणी घार समजावी. तिची पिल्ले तपकिरी असल्याने भलेभले चकतात, पण शेपटीचा गोलसरपणा त्यांच्यातही असतो.

उसाच्या फडालगतच्या तारेवर बसलेली, खांद्यावर काळा डाग आणि लाल डोळे असलेली राखी-पांढरी कापशी घार उंदरांवर नजर ठेवून असते व हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते.

शिक्रा जेमतेम पारव्याएवढा असतो आणि दाट झाडीत लपतो. तो दिसण्याआधी खारींचा अखंड चिरचिराट ऐकू येतो. अशा वेळी दुर्बीण शोधायला घरात धावू नये, नुसत्या डोळ्यांनी छातीवरच्या बारीक तांबूस आडव्या रेघा पाहून घ्याव्यात. रेघांऐवजी उभे तपकिरी ठिपके असल्यास तो अल्पवयीन शिक्रा असतो.