किनाऱ्याच्या दमट हवेत गोल्फची ग्रिप कशी निवडावी

ग्रिप, म्हणजे क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) मुठीवरचं आवरण, घेताना बहुतेकांची नजर आधी रंगावर आणि कंपनीवर जाते. बघायची असते ती जाडी. ग्रिप बारीक असली की क्लब हातात फिरेल या धास्तीने आपण मूठ आवळतो, मनगटं आखडतात आणि स्विंग बिघडतो. आपल्या कोकणात तर तळहाताला सतत घाम, त्यामुळे मूठ आणखीच आवळली जाते.

आधी हात मोजा. मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण 7 ते 8.75 इंच भरलं तर स्टँडर्ड, त्यापुढे 9.25 पर्यंत मिडसाईझ, त्याहून जास्त असेल तर जम्बो आणि 7 पेक्षा कमी असेल तर अंडरसाईझ. हा फक्त अंदाज. बोटं लांब आणि तळवा छोटा असेल तर तो चुकतो.

खरा निकाल क्लब हातात घेतल्यावरच लागतो. उजव्या हाताने खेळत असाल तर क्लब एकट्या डाव्या हातात धरा, ग्लोव्ह घालत असाल तर घालूनच. मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. टोकं रुतली तर ग्रिप बारीक, फट राहिली तर जाड. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर ग्रिपखाली मास्किंग टेपचा एखादा वेढा जास्त द्यायला सांगा. सांधे दुखणाऱ्यांनी मात्र थोडी जाड, मऊ ग्रिपच घ्यावी.

दुकानात शाफ्टचं, म्हणजे क्लबच्या दांड्याचं, मापही विचारा. ग्रिपच्या तोंडाशी एम 60 किंवा एम 58 असं लिहिलेलं असतं, म्हणजे आतलं भोक 0.60 किंवा 0.58 इंचाचं. जाड शाफ्टवर एम 58 ताणून बसवली की ती हातात जाड लागते.

आता मटेरिअल. खारघरच्या कोर्सवर किंवा किनाऱ्यालगत कुठेही पावसाळ्याच्या आगेमागे खेळायचं तर सुताचे धागे मिसळलेली कॉर्ड ग्रिप घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ओल्या हातातही ती सुटत नाही. ती खरखरीत असते, म्हणून नाजूक हातांसाठी वरचा अर्धा भाग कॉर्डचा आणि खालचा रबराचा, अशीही मिळते.

खेळून आल्यावर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ग्रिप धुवा, पुसून सावलीत वाळवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत बॅग ठेवू नका, रबर कडक होतं.

सगळा संच एकदम बदलू नका. सात नंबरच्या आयर्नवर (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबवर) नवी ग्रिप बसवा, घामेजल्या हातांनी बादलीभर चेंडू मारा आणि मगच बाकीच्यांची ऑर्डर द्या.