मृगाआधीची पेटी

आमच्याकडे मे महिन्यात कुरडया, सरगुंडे आणि वड्यांचे वाळवण आटोपते, वर्षभराचे तिखट डब्यात भरले जाते, पण कपड्यांची पेटी मात्र आभाळ भरून आल्यावर आठवते. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. पाऊस त्यानंतर कितीही दिवसांनी येवो, हवेतली ओल त्याच्या आधीच घरात शिरलेली असते, आणि पेरणी सुरू झाली की पेटीकडे बघायला सवड उरत नाही. म्हणून पेटी मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पारा ४५ अंशांकडे सरकलेला आणि हवा कोरडी ठणठणीत असताना, उघडून कपडे वाळवून पुन्हा भरावेत.

सुरुवात स्वतःच्या कपड्यांपासून करावी, हे माझे ठाम मत आहे. आधी घरधन्याची धोतरे, मग मुलांचे, मग पाहुण्यांच्या दुलया, आणि आपले लुगडे दिवस मावळताना घाईने कोंबायचे, ही रीत मी बारा-तेरा वर्षे पाळली. परिणाम असा की घरात सगळ्यांचे कपडे धड राहिले आणि कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड, लागली ती फक्त माझ्या पातळांना. आता सकाळचे पहिले ऊन माझ्या कपड्यांना मिळते. कोणी विचारलेच, तर दुलया दुपारीही वाळतात, एवढेच उत्तर देते.

उसवलेले फॉल, तुटलेली बटणे आणि विरलेले काठ याच वेळी बाजूला काढावेत. शिवण पावसाळ्यात बसल्या बसल्या होते. सुती कपड्यांतली खळ मात्र साध्या पाण्यात पूर्ण काढून मगच ते ठेवावेत, कारण कसरीला खळ फार आवडते. खळ घातलेले पातळ पेटीत ठेवणे म्हणजे तिला पंगतीला बोलावणे आहे.

दुलया, वाकळी आणि जाड सुती कपडे सरळ उन्हात टाकावेत. कोसा, म्हणजे टसर रेशीम, कधीही टाकू नये. आमच्या भंडाऱ्याकडची करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली साडी, अनेकींच्या पेटीत लग्नापासून असते. तिला मेचे ऊन थेट लागले की रंग उतरतो आणि धागा कमजोर होतो. ती ओसरीच्या सावलीत, दोरीवर नव्हे तर बाजेवर सुती कापड अंथरून त्यावर पसरावी, आणि पुन्हा ठेवताना जुन्या मोडीवर घडी न घालता मोड चार बोटे सरकवावी. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर दुमडलेले रेशीम त्याच रेषेवर फाटते.

आता खरी अडचण. उन्हातून उचललेले कापड हाताला नेहमी कोरडेच लागते, कारण ते गरम असते, आणि गरम कापडातली ओल हाताला कळत नाही. मी एका वर्षी वाळवण लांबवले आणि जूनमध्ये, दोन सरींच्या मधल्या कडक उन्हात, सगळे कपडे तापवून तसेच पेटीत भरले. पेटी लोखंडाची होती. रात्री ती थंड झाली, कपड्यांतून निघालेली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसली आणि वरच्या थरावर ठिबकली. श्रावणात पेटी उघडली तेव्हा वरच्या चार साड्यांवर काळ्या बुरशीचे ठिपके होते, आणि त्यातले दोन डाग आजही तसेच आहेत.

कोरडे वाटणारे कापडही पाणी धरून असते. साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, रेशमात सुमारे ११ टक्के आणि लोकरीत त्याहून जास्त पाणी असते. म्हणून कपडे उन्हातून आत आणल्यावर घडी न घालता घरातल्या बाजेवर निदान तासभर मोकळे पडू द्यावेत. पूर्ण निवल्यावर दुमडलेल्या भागाचा आतला पदर गालाला लावून पाहावा. हात कामाने राठ झालेला असतो, गाल खोटे बोलत नाही. किंचितही गारवा जाणवला तर ते कापड दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात, आणि कोसा असेल तर पुन्हा ओसरीवर. पेटीही उन्हात तापवली असेल तर तीसुद्धा निवू द्यावी.

या तासात दुसरे काम काढू नये. मी आधी याच वेळेत तूर पाखडायला बसत असे आणि मग घाईने निम्मे गरम कपडे भरत असे. आता चहा घेते, बाजेशेजारी पाय पसरून बसते आणि कोणते लुगडे कुठल्या लग्नातले ते आठवते. वर्षात एवढा एकच तास मला कोणी हाक मारत नाही.

भरताना ऐकू येणारे सल्ले बहुतेक टाकाऊ आहेत. ओला कडुलिंब पेटीत घालू नये. पाला सावलीत कडक वाळवून पुरचुंडीतच ठेवावा, नाहीतर पाल्याचे डाग पडतात. तांदळाची पुरचुंडी ओल शोषते म्हणतात, पण किडे मात्र नक्की आणते. वर्तमानपत्राची शाई कोशाला लागते, त्याऐवजी धोतराचे धुतलेले पान गुंडाळावे. प्लास्टिकची पिशवी तर नकोच. डांबर गोळ्या कापडाला टेकवू नयेत आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत अजिबात ठेवू नयेत, कारण काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते.

पेटी भिंतीपासून वीतभर दूर, चार विटांवर ठेवावी. पोळ्याच्या सुमारास एखादा दिवस कोरडा उघडला की झाकण तासभर उघडे ठेवावे, वरच्या पातळाचा पदर गालाला लावून पाहावा, आणि तो गार लागला तर सगळी पेटी पुन्हा बाहेर काढावी.