मांजर गाभण आहे? मग या चुका टाळा

गौरी यायला चार दिवस होते. माळ्यावरून साड्यांची ट्रंक काढली, हवा लागावी म्हणून झाकण उघडं ठेवलं आणि सकाळी पाहते तर चिंगी आत व्यालेली. चार पिल्लं, आणि खाली गौरींची हिरवी इरकल. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "यंदा ज्येष्ठा-कनिष्ठेच्या आधी हीच माहेरपणाला आली." मी महिनाभर आधी सजवलेलं खोकं हॉलमध्ये टीव्हीशेजारी रिकामंच होतं.

चूक माझीच. मी खोकं ठेवलं मला दिसेल तिथे. तिला हवी होती कुणाला न दिसणारी जागा. त्यात आमचं घर नदीपात्राजवळ, रोज संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव. रस्त्याकडच्या खोलीत कोणती मांजर विणार? शेवटच्या दोन आठवड्यांत आतल्या खोलीत, पलंगाखाली किंवा कपाटाच्या खालच्या खणात दोन-तीन जागा करून ठेवा. अंधारी, कोरडी, आणि पिल्लं लोळत बाहेर येणार नाहीत इतपत काठ असलेली. खाली वर्तमानपत्रं आणि जुनी सुती धोतरं-साड्या घाला. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. आणि वॉशिंग मशीनचं झाकण, उघडी कपाटं, ट्रंका बंद ठेवा. हे शहाणपण मला इरकल गेल्यावर आलं.

तारखेचा अंदाज न ठेवणं ही दुसरी चूक. मांजर साधारण 63 ते 65 दिवसांनी विते. बोका कधी आला होता हे माहीत नसेल, तर स्तनाग्रं फुगून गुलाबी झाली की तिसरा आठवडा धरा. सोनोग्राफीत पिल्लं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसतात, पण आकडा नीट कळतो तो 45 दिवसांनंतरच्या एक्स-रेत. हा आकडा फार उपयोगी पडतो: चार पिल्लं असताना तीनच आली, तर काम बाकी आहे हे कळतं. पोट चाचपून पिल्लं मोजायला मात्र जाऊ नका. घरातल्या प्रत्येकाला तो मोह होतो.

आता खाणं. आमच्यासारख्या शाकाहारी घरातली मांजर दूध-पोळी आणि दहीभातावर वाढलेली असते, आणि गाभण राहिली की लाडाने दुधाची वाटी मोठी होते. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजर मुळात मांसाहारी. तिला लागणारं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य पोळी-भातात नसतं, आणि त्याच्या कमतरतेने गर्भ गळू शकतो. तुम्ही शिजवू नका हवं तर, पण पाकिटातलं खाणं आणा, तेही पिल्लांसाठी असतं ते. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. शेवटी शेवटी पोटात जागा उरत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. व्याल्यावर ती दुप्पट खाईल, हात आखडू नका. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने देऊ नका. आधीच बाहेरून कॅल्शियम मिळालं, तर शरीर स्वतःचं काढायला आळसावतं आणि दूध पाजताना अंगात थरथर, ताठपणा येऊ शकतो. तसं दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टर.

औषधांबाबत एकच सांगते: घरातल्या डब्यातलं काहीही नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकते. कुत्र्यांच्या पिसवांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, तेही मांजरीला जीवघेणं. जंताचं औषध आणि लस डॉक्टरांना विचारूनच. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत फिनाईल बंद. आणि सणाच्या गुच्छातल्या मोठ्या लिली घरात आणूच नका, नुसता पराग चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

बाळंतपणाच्या वेळी सगळं घर भोवती जमतं. शेजारच्या काकू येतात, मुलं मोबाईलवर शूटिंग करतात, आणि बिचारीच्या कळा थांबतात. एकाने लांबून बघावं, हातात घड्याळ असावं. दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं ते तासभर जातो. कधी ती मध्येच काही तास आराम करते, पिल्लांना पाजते, निवांत असते. ते चालतं. चालत नाही ते हे: वीस-तीस मिनिटं जोरात कळा देऊनही पिल्लू नाही, अर्धवट बाहेर आलेलं अडकलंय, भळभळ रक्त जातंय, घाण वासाचा स्राव आहे किंवा ती मलूल पडली आहे. अडकलेलं पिल्लू ओढू नका. मांजरी बहुधा रात्री वितात आणि आपल्याकडचे बरेच दवाखाने दुपारीसुद्धा बंद असतात. तेव्हा रात्री फोन कोण उचलतं, हे आधीच विचारून ठेवा. न्यायचं तर झाकणाच्या टोपलीत, रिक्षाने. स्कूटरवर पिशवीत नको.

पिल्लामागून पडणारी वार तिने खाल्ली तर किळस करू नका. पिल्लावरचा पडदा तिने फाडला नाही, तरच स्वच्छ फडक्याने नाक-तोंड मोकळं करून अंग चोळा.

"हात लावला तर मांजर पिल्लं टाकते" असं आमच्या लहानपणी बजावत. पाळीव मांजर ओळखीच्या हाताने सहसा टाकत नाही, उलट हात लावायलाच हवा: स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लू रोज तोला. जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज दहा-एक ग्रॅम वाढतं. वजन अडलं, तर ते दिसायच्या आधी काटा सांगतो. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. ती घरं बहुतेक आपल्या वर्दळीमुळेच बदलते. चिंगीने दोन बदलली, कारण पाहुणे दोनदा आले.

घरात बाईही गरोदर असेल, तर "मांजर सोडून या" असा सल्ला हमखास मिळतो. गरज नाही. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजरीच्या विष्ठेतून येणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या जंतूंची. ते विष्ठेत बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून वाळूचा ट्रे रोज, आणि दुसऱ्या कुणीतरी साफ करावा.

सगळ्यात महाग पडणारी चूक शेवटची. अंगावर पाजतेय तोवर पुन्हा गाभण राहणार नाही, हा समज. मांजर व्याल्यावर काही आठवड्यांतच माजावर येऊ शकते. आमच्या गच्चीवर तिसऱ्याच आठवड्यात पिवळा बोका बसायला लागला. मी गच्चीचं दार दोन महिने लावून ठेवलं, पिल्लं खायला लागून दूध आटल्यावर तिचं ऑपरेशन केलं, आणि बोका नंतरही आठवडाभर कुंड्यांमध्ये बसून होता.