काजूच्या बागेत या चुका टाळा

काजूला काही करावे लागत नाही, हा समज कोकणात खोलवर रुजला आहे आणि माझ्या मते बागांचे सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. हे झाड कातळाच्या उतारावरही तग धरते हे खरे. परंतु वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 या सुधारित जातींची कलमे लावून उत्पन्नाची अपेक्षा धरणाऱ्याने बागेकडे पाठ फिरवून चालत नाही.

झाड केवळ वर पाहून तपासणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खोड व मूळ पोखरणारा रोठा बुंध्याशीच शिरतो. जमिनीलगत सालीवर बारीक छिद्रे, त्यांतून ओघळलेला डिंक आणि खाली पडलेला तांबूस भुसा दिसला, की अळी आत आहे असे समजावे. पाने पिवळी पडेपर्यंत थांबल्यास तिने बुंध्याभोवतीची साल आतून बरीच खाल्लेली असते आणि असे झाड सहसा वाचत नाही. म्हणून भुसा दिसताच पटाशीने पोखरलेली साल तेवढी काढावी, वेड्यावाकड्या भुयाराचा माग घेत अळी शोधून मारावी आणि त्या जागी कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले कीटकनाशक लावावे. निरोगी साल मात्र सोलू नये. बुंध्याची साल सर्व बाजूंनी गेली, तर झाड आपल्याच हातून मरते. मेलेले झाड सरपणासाठी बागेत उभे ठेवू नये, कारण त्यातून निघालेले भुंगे शेजारच्या झाडांवर अंडी घालतात. ते मुळांसकट काढून नष्ट करावे.

मोहोर करपला की दोष ढगाळ हवेला दिला जातो. कोवळ्या पालवीवर व मोहोराच्या देठांवर काळपट चट्टे आणि डिंकाचे थेंब असतील, तर तो ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचा उपद्रव आहे. त्यावरील फवारणी पालवी फुटताना, मोहोर येताना आणि फळे धरताना करावयाची असते. करपलेला मोहोर औषधाने पुन्हा हिरवा होत नाही.

खत बुंध्याशी ओतणेही व्यर्थ आहे. मोठ्या झाडाला वर्षाला 1 किलो नत्र, 250 ग्रॅम स्फुरद आणि 250 ग्रॅम पालाश लागते. ते पावसाचा जोर ओसरल्यावर, जमिनीत ओल असताना, फांद्यांच्या विस्ताराखाली चर काढून द्यावे.

नव्या कलमांच्या जोडाखालून येणारे फुटवे वेळीच काढावेत. ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे असतात आणि वाढू दिल्यास कलम मागे पडून गावठी झाड हाती येते.