गाडी ऑइल पिते? आधी धूर कधी येतो ते बघा

आमची पेट्रोल गाडी जुनी झाली तशी ऑइल पिऊ लागली. खाली थेंब नाही, कूलंट स्वच्छ, तरी डिपस्टिकवरची पातळी उतरलेली. एका गॅरेजवाल्याने थेट इंजिन खोलायचा हिशेब मांडला. साताऱ्यातल्याच दुसऱ्या मिस्त्रींनी मात्र विचारलं, "साहेब, धूर चढाला येतो का उताराला?"

हे बघायला यवतेश्वरचा घाट बरा. चढाला जोर लावताना निळसर धूर दिसला तर संशय पिस्टन रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर. आमची गाडी निमूट चढली. उतरताना मात्र गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून आलो, खाली पुन्हा पाय दिला आणि मागे निळा लोट! सकाळी पहिल्या स्टार्टलाही तेच. म्हणजे दोष व्हॉल्व्ह सीलचा, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी टोपीचा. पाय सोडला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम वाढतो आणि झिजलेल्या सीलमधून ऑइल आत ओढलं जातं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब तपासला, ठीक निघाला. इंजिनातल्या वाफा पुन्हा आत घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चिकटला होता, तोही बदलला. स्वस्तातली वस्तू, पण बहुतेक जण बघतच नाहीत. सील इंजिनाचा वरचा भाग (हेड) न उतरवता बदलले: स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवा भरायची, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. जुना सील नखाने दाबून पाहिला, प्लॅस्टिकसारखा टणक.

आता पातळी टिकते. तरी अधूनमधून सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघतो. वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरत नाही, जादा झालं की फेसाळतं. बाटलीतल्या 'धूरबंद' औषधांच्या मात्र नादी लागलो नाही.