लाँग रनला पाणी कसं न्यायचं
दहा-बारा किमीपर्यंत हातातली पट्टेवाली बाटली चालते, फक्त मधेमधे हात बदला नाहीतर एकच खांदा भरून येतो. त्यापुढे सरळ व्हेस्ट (जाकिटासारखी अंगात घालायची खिसेवाली रनिंग बॅग) घ्या, पुढच्या खिशात 500 मिलीच्या दोन सॉफ्ट फ्लास्क, म्हणजे मऊ, दाबता येणाऱ्या बाटल्या. कमरेचा बेल्ट मला तरी नाही पटत, सारखा वर सरकतो. पाठीवर ब्लॅडर (प्यायची नळी असलेली पाण्याची पिशवी) असेल तर भरल्यावर तो उलटा धरायचा आणि नळीतून आतली सगळी हवा ओढून घ्यायची, मग पळताना पाणी डुचमळत नाही, नाहीतर त्या डबक डबक आवाजाने डोकं उठतं. ओआरएस एकाच फ्लास्कमधे घाला, आणि मोठं पाकीट एक लिटरचं असतं म्हणून अर्धंच. ब्लॅडरमधे नकोच, नळी धुवायचा भयंकर वैताग.