हायब्रिड ओटी: या चुका टाळा

हायब्रिड ओटीत, म्हणजे एक्स-रे मशीन बसवलेल्या ऑपरेशन थिएटरमध्ये, पहिल्यांदा पाऊल टाकणारा आधी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघतो. मी नव्या मुलांना खाली बघायला सांगते. व्हेंटिलेटरच्या नळ्या, कॉटरीची वायर, सलाईनच्या लाईन, पेडलची केबल, इंजेक्टर. या सगळ्यांच्या मधून सी-आर्म, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखा एक्स-रे मशीनचा हात, फिरणार असतो आणि टेबलही सरकणार असतं. साध्या ओटीत मशीन पेशंटभोवती शांत उभी असतात. इथे सगळी खोलीच हलते, आणि ते विसरल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

मी मुंबईत आधी कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत रक्तवाहिन्यांतून नळ्या घालतात त्या खोलीत, होते, आता हायब्रिड ओटीत टेक्नॉलॉजिस्ट आहे. १९९० मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी महाधमनीचा फुगवटा पोट न फाडता, जांघेतून ग्राफ्ट (कृत्रिम नळी) नेऊन आतून बंद केला. २००२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी हृदयाची झडप कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीतून नेऊन, बसवली. अशा कामांना कॅथलॅबचं चित्र हवं आणि ओटीची स्वच्छताही हवी, कारण बिघडलं तर त्याच टेबलावर छाती किंवा पोट उघडावं लागतं. म्हणून या खोल्या आल्या. पण त्यात उभं कसं राहायचं हे शिकायला कुणाकडे वेळ नसतो.

‘सकाळी फिरवून बघितलंय’

हे वाक्य ऐकलं की मला आजही धस्स होतं.

थ्रीडी चित्रासाठी सी-आर्म पेशंटभोवती साधारण २०० अंश फिरतो. आम्ही त्याला स्पिन म्हणतो. खऱ्या स्पिनच्या आधी किरण न सोडता एकदा सावकाश फिरवून बघायचं, तो ड्राय रन. दोन मिनिटांचं काम, आणि सगळ्यात जास्त वेळा तेच टाळलं जातं.

जुलैतला दिवस होता. पाऊस धो धो, लोकल रखडलेल्या, निम्मी टीम भिजून उशिरा पोचलेली आणि केसेसची यादी दीड तास मागे. टेबलावर सत्तरी ओलांडलेले आजोबा. पोटातल्या महाधमनीला फुगवटा आणि किडनी आधीच कमजोर, म्हणून डाय (एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) मोजून वापरायची असं सकाळीच ठरलेलं. ग्राफ्ट छान बसला. आता शेवटची खात्री करायला एक स्पिन. मी नव्या मुलाला विचारलं, “ड्राय रन?” तो म्हणाला, “ताई, सकाळी फिरवून बघितलंय.” मी मान डोलावली. ती चूक माझी.

सकाळपासून दोन गोष्टी बदलल्या होत्या. सर्जन सरांच्या सोयीसाठी टेबल चार बोटं वर घेतलं होतं. आणि मध्येच एक औषध वाढवावं लागलं म्हणून इन्फ्युजन पंपाचा स्टँड डोक्याकडे सरकवला होता. सगळे शिशाच्या काचेमागे गेलो, भूल देणाऱ्या मॅडमनी श्वास थांबवला, इंजेक्टरने डाय सोडली, सी-आर्म निघाला आणि अर्ध्या वाटेत खाडकन थांबला. स्टँडला धडकला होता. सेन्सरने त्याचं काम केलं, म्हणून आजोबांच्या नळ्या ओढल्या गेल्या नाहीत. पण डाय शरीरात गेली ती गेलीच, आणि चित्र एकही नाही. सी-आर्मवरचं निर्जंतुक कव्हर फाटलं होतं. ते बदललं, सरांनी गाऊन-ग्लोव्हज बदलले, पेशंटवरची चादर पुन्हा लावली. तोवर जांघ उघडीच. मग स्पिन पुन्हा, डाय पुन्हा. नंतर आजोबांचं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, आणि ते दोन दिवस जास्त आयसीयूत राहिले. सुखरूप घरी गेले. पण बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलीने विचारलं होतं, “अजून दोन दिवस का?” तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. ड्राय रन ड्रेपिंगनंतर (पेशंटवर निर्जंतुक चादरी घातल्यावर), टेबलाच्या अंतिम उंचीवर, सगळे स्टँड जागेवर असताना. त्यानंतर कुणी काहीही हलवलं, अगदी स्टूल जरी, तरी पुन्हा. त्या वेळी मी स्क्रीनकडे बघत नाही, पायथ्याशी उभी राहून फक्त नळ्या बघते. सी-आर्म निघण्याआधी मोठ्याने ‘फिरतंय’ म्हणते, मग खोलीत कुणीही असो. व्हेंटिलेटरच्या नळ्या आणि लाईन लांब घेते आणि शक्यतो एकाच बाजूने नेते. जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावून घेतली आहे. त्या पट्टीच्या आत स्टँड येत नाही, हे मामा-मावशींनासुद्धा पाठ आहे. डॉक्टरांपेक्षा तेच ती जास्त पाळतात.

रंगीत रेघेवर आंधळा विश्वास

ही माझी दुसरी चीड. आधी काढलेल्या सीटीवरून धमनीची रंगीत आकृती तयार होते आणि ती चालू एक्स-रेवर बसवता येते. फ्युजन. डाय कमी लागते, उत्तम सोय आहे. पण ती आकृती कालच्या किंवा गेल्या आठवड्यातल्या शरीराची असते. ती बसवतात मणक्याची हाडं जुळवून, आणि धमनी म्हणजे हाड नव्हे. आत जाड, ताठ वायर गेली की वाकडीतिकडी धमनी सरळ होते आणि किडनीच्या धमनीचं तोंड काही मिलिमीटर सरकतं. आकृती मात्र जागच्या जागी छान दिसत राहते. टेबल सरकलं तर मशीनला कळतं, टेबलावर पेशंट किंचित घसरला तर कळत नाही. ग्राफ्ट थोडा वर सुटला की किडनीची धमनी झाकली गेली.

म्हणून ताठ वायर आत गेल्यावर, ग्राफ्ट सोडण्याआधी, सी-आर्म त्याच कोनात ठेवून थोड्या डायचा एक अँजिओ घ्यायचाच आणि रेघ त्यावर जुळवून घ्यायची. ‘डाय वाचवू’ म्हणून ही पायरी गाळणाऱ्यांशी मी भांडते. डाय वाचवायची तर इतर दहा जागा आहेत.

किरणांबद्दल

किरण एक्स-रेच्या नळीतून येतात, पण आपल्या अंगावर येतात ते मुख्यतः पेशंटच्या शरीरावरून विखुरलेले. म्हणून नळी टेबलाखाली आणि पेशंटपासून लांब, डिटेक्टर (किरण झेलून चित्र करणारी पाटी) वर आणि पेशंटच्या जवळ. सी-आर्म आडवा केला तर नळीच्या बाजूला उभं राहू नका, डिटेक्टरच्या बाजूला या. अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या हिश्श्यावर येतात. नुसती वायर पुढे सरकवताना सेकंदाला १५ पल्स (किरणांचे झटके) कशाला, साडेसातवर भागतं. बघत नसाल तर किरण सोडणाऱ्या पेडलवरून पाय काढा.

टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) ड्रॉवरमध्ये ठेवून काही मोजलं जात नाही. तो अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर. एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं, मुख्यालय आपल्याच मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. त्यांची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. बॅज न लावणाऱ्याच्या नावावर शून्य दिसतं आणि तो खूश होतो. मला त्याची काळजी वाटते.

लेड अ‍ॅप्रनची घडी घालू नका, टांगा. घडीवर आत भेगा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत.

बाकी थोडक्यात

ईसीजीचे इलेक्ट्रोड आणि तारा चित्राच्या वाटेतून बाजूला घ्या, नाहीतर नेमक्या झडपेवर येतात.

मशीनच्या कपाटांची खोली रिकामी दिसते म्हणून वीज वाचवायला तिथला एसी बंद करू नका. दमट दुपारी सिस्टीम तापून केसच्या मध्येच बंद पडते आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. तेव्हा कामाला येणारा शेजारच्या ओटीतला फिरता सी-आर्म कुठे आहे, हे केस सुरू होण्याआधी माहीत हवं.

दार सारखं उघडलं की आतला हवेचा दाब पडतो. टाक्यांचा धागा विसरला असेल तर फोन करून मागवा.

ओटीत एमआरआय असेल तर नियम आणखी कडक. काही ठिकाणी चुंबकच छतावरच्या रुळांवरून पेशंटकडे येतं. ते येण्याआधी प्रत्येक कात्री, चिमटा, सुई मोजून बाहेर गेली पाहिजे. चुंबक कायम चालू असतं, ‘स्कॅन सुरू नाही’ याला काही अर्थ नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतच एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि एका पेशंटच्या तरुण नातेवाइकाचा जीव गेला. ही घटना मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते.

आणि सीपीआर. हे टेबल एका बाजूच्या खांबावर तोललेलं असतं. पेशंटची छाती सी-आर्मखाली आणलेली असताना टेबलाचं ते टोक अधांतरी असतं. तिथेच छाती दाबायला लागलात तर टेबल खाली-वर होतं आणि जोर पेशंटपर्यंत पोचत नाही. आधी सी-आर्म बाजूला, टेबल खांबावर मागे, मग दाबा. सरावाने हे काही सेकंदांत होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी पहिल्याच आठवड्यात, रिकाम्या टेबलावर उशी ठेवून, हे दहा वेळा करून घेते.